आसेगावच्या मातीची क्लिप

गजाननभाऊंनी पिशवीतून खोकं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. नवा कोरा स्मार्टफोन होता. वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"सर, पोरीचं थे याच्यात टाकून द्या," ते म्हणाले. "तिच्या मायनं अजून आयकलंच नाही."

मी खोकं हातात घेतलं. फोन कुठून घेतला, मेमरी किती, असलं काहीबाही विचारत बसलो. ते जी क्लिप मागत होते, ती मीच सव्वा महिन्यापूर्वी विभागाच्या पेजवरून काढून टाकली होती.

मंगरूळपीरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. पूर्वी आमच्या विभागाचं नकाशांचं एक कपाट आणि एक नोटीस बोर्ड यांवर भागायचं. आता प्रत्येक विभागाला सोशल मीडियावर स्वतःचं पेज लागतं. काम केलं एवढं पुरत नाही, ते दिसलं पाहिजे. म्हणून सहलीला गेलो की आधी जिओ-टॅग फोटो काढायचा, म्हणजे ज्यावर जागा आणि वेळ आपोआप छापून येते तो. मग पोस्ट टाकायची, मग तिची प्रिंट काढून फाइलला लावायची. कॉलेजला दर्जा देणारी समिती येते तेव्हा ती फाइल तिच्यापुढे ठेवायची. आमच्या पेजवर निम्मे फोटो हार घातलेल्या तसबिरींचे, उरलेले आम्ही एकमेकांना बुके देतानाचे. लाइक करणारे म्हणजे आम्हीच, आणि ज्यांचे प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत ती मुलं.

या सगळ्यात एकच पोस्ट जिवंत होती. प्रणालीची.

प्रणाली ही गजाननभाऊंची मुलगी, बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. आसेगावला आम्ही मातीचा सर्व्हे करायला गेलो, तो त्यांच्याच वावरात. सर्व्हे संपला की एका विद्यार्थ्याने कॅमेऱ्यासमोर माहिती सांगायची, असा आमचा रिवाज. मुलं माझ्या नोट्स पाठ करून येत आणि घडाघडा म्हणून टाकत. प्रणालीने खाली वाकून ढेकूळ उचललं, बाटलीतलं पाणी त्यावर टाकलं आणि बोटांनी मळायला लागली. "हे पाहा, आता कशी चिकटून राह्यली हाताले. अन् हेच माती उन्हाळ्यात पाय जाईन एवढी भेगाळते. काहून? तं हिच्यात चिकनमाती जास्त. पानी पेते तवा फुगते, सुकते तवा आंग चोरते." असं दीड मिनिट. त्या दीड मिनिटात माझं एक अख्खं प्रकरण आलं होतं.

ती क्लिप केनवडपर्यंतच्या शेतकऱ्यांनी स्टेटसला ठेवली. बाकी सगळं पेज मिळून जेवढे व्ह्यूज नव्हते, तेवढे त्या एका क्लिपला आले. चार दिवस मी छाती काढून हिंडलो. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये प्राचार्य एवढंच म्हणाले, "भाषा तेवढी सांभाळा सर." माझी छाती परत आत गेली.

त्याच हिवाळ्यात प्रणाली तापाने गेली. आठ दिवसांचा ताप, बाकी काही नाही. विभागाच्या पेजवर काळ्या फितीची पोस्ट मीच टाकली. मजकूर आधीच्या एका श्रद्धांजलीचाच होता, मी फक्त नाव बदललं. आज ते सांगताना लाज वाटते. त्या दिवशी तेवढंही सुचलं नव्हतं.

महिन्याभराने गजाननभाऊ तिचे कागद न्यायला आले. कागद हातात दिले आणि मी विभागाच्या कॉम्प्युटरवर ती क्लिप लावली. त्यांना अशी क्लिप आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. चपला दाराबाहेर काढून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. संपल्यावर म्हणाले, "बरोबर सांगून राह्यली. माती अशीच हाये आमची."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ते यायचे. दोनदा पाहायचे. तिसऱ्यांदा लावू का विचारलं तर नको म्हणायचे. जाताना दर वेळी तेच वाक्य, बरोबर सांगून राह्यली. प्रणालीची आई मुलगी गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती, तिला कधी आणलं नाही. आणि मला, पेज चालवणाऱ्या शहाण्याला, क्लिप त्यांच्या घरी पोचवायचं एकदाही सुचलं नाही. ते येतात, आपण दाखवतो, यात मला माझा चांगुलपणा वाटत होता.

मग समितीची तारीख आली. प्राचार्यांनी सगळ्या विभागप्रमुखांना बसवून पेजेस मोठ्या पडद्यावर उघडली. आमचं पेज आलं आणि सगळ्यात वर प्रणालीची क्लिप, कारण तीच सगळ्यात जास्त पाहिलेली. त्यांनी ती पाच सेकंद चालू दिली.

"हे अकॅडेमिक वाटते का?" त्यांनी विचारलं. "बाहेरचे लोक येणार आहेत सर. ते म्हणतील, या विभागात भूगोल असा शिकवतात?"

ती मुलगी वारली आहे, तिचे वडील ही क्लिप पाहायला येतात, एवढी दोन वाक्यं बोलायची होती. प्राचार्य काही वाईट माणूस नाही, त्यांनी ऐकलं असतं. पण मी बोललो नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. क्लासरूममध्ये कुणी वऱ्हाडीत उत्तर दिलं की मी तीस वर्षं नाक मुरडत आलोय. माझी स्वतःची आई मरेपर्यंत अशीच बोलली, तरीही. संध्याकाळी मी केबिनमध्ये बसून पेज साफ केलं. वाढदिवस काढले, बुके काढले, आणि ती क्लिपही काढली. गजाननभाऊंचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता. मूळ क्लिप माझ्या फोनमध्ये असेल, असं धरून चाललो.

ती नव्हती. उन्हाळ्यात गुड मॉर्निंगच्या फुलांनी फोन भरला, तेव्हा मी एकदम सगळं उडवलं होतं, त्यात गेली. काढलेली पोस्ट पेजच्या कचरापेटीत तीस दिवस राहते. तेवढ्यात परत आणली तर येते, नंतर कायमची जाते. त्या तीस दिवसांत गजाननभाऊ आले असते तर वाचलो असतो. पण सोयाबीनची सोंगणी सुरू होती. दीड महिना ते फिरकलेच नाहीत. आणि आले ते नवा फोन घेऊन.

त्या दिवशी मी त्यांना सरळ खोटं सांगितलं. नेट बंद आहे, पुढच्या बाजाराला या. त्यांनी खोकं पुन्हा पिशवीत ठेवलं. फोन राहू द्या इथंच, असं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

तो आठवडा मी फोनवरच होतो. प्रणालीच्या वर्गातल्या एकेका मुलाला लावला. ज्यांनी क्लिप स्टेटसला ठेवली होती, त्यांची स्टेटसं दुसऱ्याच दिवशी गेलेली. काहींनी फोन बदललेले. ज्यांनी शेअर केली होती त्यांच्याकडे नुसती आमच्या पेजची लिंक, आणि लिंकमागे काही नाही. तिचा स्वतःचा फोन भावाने विकून टाकला होता. प्रत्येक जण विचारायचा, सर, पेजवर हाये ना? मी नाही म्हणायचो.

शेवटी निकिता आठवली. प्रणालीच्या बाकावर बसणारी, लग्न होऊन किन्हीराजाला गेलेली. ती म्हणाली, जुना फोन कपाटात आहे, स्क्रीन फुटली आहे, चार्ज होतो का पाहते. दुसऱ्या दिवशी तिने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, सर, मूळ क्लिप नाही सापडली, त्याच्या आधी मी घेतलेलं हे आहे, पाहून घ्या.

मी पाहिलं. दार लावून पाहिलं.

बाजाराच्या दिवशी गजाननभाऊ आले. या वेळी मी त्यांना खुर्चीत नीट बसायला लावलं आणि सगळं सांगितलं. क्लिप गेली. मी काढली. का काढली तेही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "तिनं खराब सांगितलं होतं का सर?"

नाही, मी म्हणालो. चांगलं सांगितलं होतं. माझ्या तीस वर्षांत तसं कुणी सांगितलं नाही. हे मी तिला जिवंतपणी म्हणायला हवं होतं, आणि प्राचार्यांना त्या मीटिंगमध्ये. म्हटलं तेव्हा ऐकायला फक्त तिचा बाप उरला होता.

मग मी निकिताचा व्हिडिओ लावला. चित्र हलतं आहे, प्रणालीची नुसती ओढणी आणि अर्धा चेहरा. मागून माझा आवाज येतो. थांब, थांब. असं गावठी नको. पेजवर जाणार आहे हे, बाहेरचे लोक पाहतात. जरा शुद्ध बोल, नोट्समधलं बोल. मग ती वळते आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहते.

"सर, तुमी मधात नका बोलू. माह्या बाबाले समजलं पाह्यजे न, मी काय शिकून राह्यली थे."

व्हिडिओ तिथेच संपतो. हे वाक्य ती माझ्या तोंडावर बोलली होती आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

गजाननभाऊ पहिल्यांदाच म्हणाले, "अजून एकडाव लावा." मी लावला. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदाही लावला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मी त्यांचा नवा फोन उघडला, व्हिडिओ त्यात घातला आणि म्हटलं, भाऊ, सुरुवातीचं माझं बोलणं कापून देतो, नुसतं तिचं वाक्य ठेवतो.

"राहू द्या," ते म्हणाले. "नाही तं तिची माय म्हनन, पोरगी कोनावर चिडून राह्यली."

फोन पिशवीत न ठेवता त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर ते आले नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं.

समिती येऊन गेली. आमच्या विभागाबद्दल अहवालात एक ओळ आहे, पेज नीटनेटके व अद्ययावत आहे. मी विभागात नवा नियम केला आहे. पेजवरून काही काढायचं असेल तर आधी त्यात ज्याचा चेहरा आहे त्याच्या घरी विचारायचं. नियम चांगला आहे, फक्त उशिरा झाला. निकिताने पाठवलेला व्हिडिओ माझ्याही फोनमध्ये आहे. एकूण एकोणीस सेकंदांचा. त्यातले बारा सेकंद मीच बोलतोय.