पिकअपमामांचे कान

पिकअपमामांकडे पिकअप गाडी नव्हती, हे आर्वीतल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. चूक पेंटरची. त्याने एस.टी. डेपोमागच्या त्यांच्या दुकानावर 'येथे पिकअप मिळेल' एवढंच रंगवून ठेवलं होतं. सोयाबीनच्या दिवसांत कोणी ना कोणी पाटी वाचून थांबायचं आणि विचारायचं, "मामा, मार्केटपर्यंत भाडं काय घेता?" मामा हातातली लाकडी गिटार उचलून दाखवायचे. "हे हाय माही गाडी. पोतं नाई बसत हिच्यात." म्हणायचे अगदी गंभीरपणे, आणि परत मान खाली घालून कामाला लागायचे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यांचा पिकअप म्हणजे नाण्याएवढी एक पितळी चकती. ती गिटारच्या पोटात आतून चिकटवायची आणि तिची वायर स्पीकरला न्यायची. मधे मामांनी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवलेलं एक यंत्र असायचं. त्याचं बटण पायाने दाबलं की साधी गिटार इलेक्ट्रिक गिटारसारखी गुरगुरायला लागायची. खरी इलेक्ट्रिक गिटार ज्यांना झेपत नव्हती असे लोक वर्ध्याहून, हिंगणघाटहून शोधत यायचे. मीही तशीच आले होते. मी शाळेत गणित शिकवते, गिटार आपली हौस म्हणून.

चकती कुठे बसवायची हे मामा दातांनी ठरवायचे. एक पेन्सिल दातांत धरायची, तिचं दुसरं टोक गिटारच्या लाकडाला टेकवायचं, तार छेडायची आणि बोटभर पुढे सरकायचं. मधेच एका जागी थांबून म्हणायचे, "इथं बोलते." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फिसकन हसले. मामांनी पेन्सिल काढली आणि म्हणाले, "हस पोरी. पण कान फसवते, हाड नाई फसवत."

खरं कारण मला नंतर मामींनी सांगितलं. मामांनी उभी हयात लग्नांत आणि गणपतीत लाउडस्पीकर लावले होते, तेही भोंग्याच्या शेजारी उभं राहून. त्यात कान गेले. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक आवाज पार गेले होते. समोरचा काय बोलतो ते ते ओठांवरून ओळखायचे. पण हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. "भैऱ्याकडं गिटार कोन आनन?" असं ते मामींना म्हणायचे, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. आर्वीला नावं ठेवायला एवढं निमित्त पुरतं.

आता अडचण अशी, की असल्या गिटारला एक वाईट खोड असते. आवाज वाढवला की ती शिट्टी मारायला लागते. स्पीकरचा आवाज परत तिच्याच पोटात शिरतो आणि ती कोकलत सुटते. त्यावर मामांचं औषध म्हणजे रुई, सरकी काढलेला कापूस. आपल्याकडे रुईला काय तोटा! मूठभर रुई गिटारच्या पोटात कोंबायची, तरी शिट्टी आली तर आणखी कोंबायची. पण शिट्टी म्हणजे नेमका बारीक आवाज, तो मामांना कुठून ऐकू येणार? म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी दुकानात. ते आवाज वाढवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "शिट्टी येते का?" मी हो म्हटलं की रुई, नाही म्हटलं की गिटार तयार. "तू हायेस म्हणून दुकान हाय पोरी," असं म्हणायचे, आणि मी घरी फुशारून जायचे.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात भूगोलाचे देशकर सर गिटार वाजवणार होते. त्यांची गिटार मी मोठ्या ऐटीत मामांकडे नेली. कुठल्या मुहूर्तावर नेली कोण जाणे, काही केल्या शिट्टी जाईना. मामांनी चकती चारदा काढली, चारदा बसवली. त्यांना शुगर होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पाचव्यांदा त्यांनी विचारलं, "आता?" शिट्टी होती. अगदी बारीक, पण होती. मी म्हटलं, "नाही मामा. आता छान आहे." मला त्यांची दया आली हे खरं. पण मला सहाची एस.टी. गाठायची होती, हेही तेवढंच खरं. मामांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "जमलं बाप्पा एकदाचं."

संमेलनाला दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टेजवर स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून उभे राहिले. देशकर सरांनी डब्याचं बटण दाबलं मात्र, अशी शिट्टी सुटली की पुढच्या रांगेतल्या मुली किंचाळल्या. सरांनी तारांवरचा हात काढला, तरी ती थांबेना. मामा मात्र डोळे मिटून मान डोलवत होते. खोकं हाताखाली थरथरत होतं ना! मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारा भैरा हाय बे!" आणि अख्खा मांडव हसला. मी धावत जाऊन वायरची पिन उपटली.

"काऊन काढली पोरी? मस्त बोलून राह्यली होती," मामा म्हणाले. मग त्यांनी समोर पाहिलं. मुलांची बोटं अजून कानांत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला मान वर ठेवता आली नाही.

त्या आठवड्यातच लोक आपापल्या गिटारी परत घेऊन गेले. मी तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. भ्याड, दुसरं काय. शेवटी गेले तर मामा रिकाम्या टेबलाशी बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "या मॅडम. बसा." नऊ वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. दया आली, उशीर झाला होता, शाळेचा स्पीकर लहान असेल, त्यावर शिट्टी येणार नाही असं वाटलं. त्यांनी माझ्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला.

"कान माहे गेलते मॅडम," ते म्हणाले. "तुमचे तं होते ना?"

मग मामींना चहा ठेवायला सांगितलं. मी तो चहा कसा प्यायले ते माझं मला माहीत.

दुकान बंद झालं. पुढच्या वर्षी शुगरने पाय गेला आणि मामांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा ते पार वाळले होते. ते मला पुन्हा एकदा पोरी म्हणतील, एवढ्याच आशेने मी गेले होते, खोटं कशाला सांगू? मी वाकून त्यांना ओठ दिसतील असं हळूहळू म्हटलं, "मामा, मी आलेय." त्यांनी मला नीट ओळखलं. मग मान वळवून मामींना म्हणाले, "मॅडमले खुर्ची दे."