बारा हिरवी गुणसूत्रं

मंजुळा कल्याणच्या कोळीवाड्यातली, नववी नापास. ठाण्याच्या एका खाजगी बियाणे प्रयोगशाळेत नऊ वर्षं रोजंदारीवर होती. मुळाचं टोक काचेवर ठेवून ती अंगठ्याने असं दाबायची की गुणसूत्रं सुटी सुटी पसरत. खाडीतल्या शिवल्या, म्हणजे शिंपल्या, उघडून उघडून तयार झालेला अंगठा तो. पीएचडीवाल्यांच्या अंगठ्याखाली नुसता चिखल व्हायचा, पण टेबल पुसायला हाक मात्र तिलाच.

१९९४ साली तिने खडवलीच्या ओढ्यातलं जंगली भात आणून, आपल्याच मनाने, त्याचा घरच्या भाताशी संकर केला. एकच रोप जगलं. साहेब, म्हणजे डॉक्टर सुधीर, सगळ्यांदेखत हसले. संकर कसला, साधं भातच उगवलंय, म्हणाले. आणि त्या हसण्याच्या भरात शब्द देऊन बसले: जंगली भाताची गुणसूत्रं दिसलीच, तर तुला कायम करतो, शोधनिबंधात नावही घालतो.

जंगली भाताच्या डीएनएला चमकणारा हिरवा रंग जोडून काचेवर सोडायचा. तो फक्त आपल्या जातीच्या गुणसूत्रांना चिकटतो, इतरांना विचारत नाही. मंजुळाने दोन दिवस खपून काच केली, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोजलं. चोवीसातली निम्मी चमकत होती. बारा हिरवी. त्यातलं एक गळासारखं वाकडं. तिला रडूच फुटलं.

साहेबांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिला चहा आणायला पाठवलं.

ती परतली तेव्हा लॅम्प काचेवर तसाच जळत होता. ही चमक उजेडाने मरते, पाहून झालं की लॅम्पची झडप लावायची, हे तिला साहेबांनीच शिकवलेलं. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि तिला पुन्हा बघायला लावलं. सूक्ष्मदर्शकात नुसता काळोख होता.

"मी मोजलेली, सर," ती म्हणाली.

"नववी नापास ना गं तू?"

सगळे हसले. साहेबांची विद्यार्थिनी चित्रा सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्यातला रोल काढत होती, तीही हसली. दुसरी काच करावी म्हणून मंजुळा रोपाकडे गेली, तर रोप साहेबांच्या कुलपात गेलेलं.

वर्षभराने प्रयोगशाळेच्या दारातच मोठी रंगीत तसबीर लागली. बारा हिरवी, त्यातलं एक गळासारखं वाकडं. खाली नावं दोन, सुधीर आणि चित्रा. आपल्याला चहाला का धाडलं ते मंजुळाला तेव्हा कळलं. बोलून उपयोग नव्हता, रोजंदारी गेली असती.

त्या तसबिरीची काच रोज सकाळी तिलाच पुसावी लागते. अंगठ्याचा ठसा राहिला तर साहेब ओरडतात.