बदलीचं मूल

नातवंडांनो, तुमच्या शाळाप्रवेशाच्या हकिगती तुमची आई पत्रातून कळवते, तेव्हा मला पनवेलची नगरपालिकेची बालवाडी आठवते. लग्नानंतर काही वर्षं मी तिथे शिकवत होते. इंग्रजी शिकलेली मी एकटीच, म्हणून पटाची वही माझ्याकडे. नाव, वय, जात, बापाचा धंदा असे रकाने. मिठागरांवरची, शेतकऱ्यांची, मोहल्ल्यातली, कारकुनांची मुलं होती. कातकऱ्यांचं एकही नव्हतं, आणि ते का नाही म्हणून वरून विचारणा होई.

म्हणून मी आयाबाईंना घेऊन कातकरवाडीवर दोनदा गेले आणि चार वर्षांच्या एका मुलीचं नाव घातलं. ती एक दिवस चुकवत नसे. पाटीवर रेघ ओढताना तिची जीभ बाहेर येई.

दिवाळी झाली आणि आईबाप तिला घेऊन कोळशाच्या भट्टीवर गेले. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी एक शेंबडं, जेमतेम दोन वर्षांचं पोर बसलेलं. शेजारी मुलीची आजी.

"हे कोण?" मी विचारलं.

"तिच्या काकाची पोर हाय. ती येईपर्यंत ही बसंल. जागा जाया नको."

"असं चालत नाही, आजी."

"कामावर चालतं की. एक पडला का दुसरा जातो."

"घ्या," आयाबाई म्हणाल्या, "आता बदलीची मुलं. उद्या बदलीच्या बाई येतील."

मी त्या पोरीला परत पाठवलं. महिनाभर गैरहजर मुलाचं नाव कमी करायचं, असा नियम होता. कातकरी भट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात, तोवर नाव ठेवावं, असं मी कचेरीला लिहिलं. उत्तरादाखल नियमाची नक्कल तेवढी आली. महिना भरला त्या दिवशी मी तिच्या नावावर तांबडी रेघ मारली. दुपारपर्यंत एका कारकुनाचा मुलगा तिथे बसला.

वैशाख सरताना त्या मुलीची आई तिला घेऊन दारात उभी राहिली. मुलगी उंच झाली होती, रापली होती.

"जागा भरली गं," मी म्हटलं. "आणि आता ती पाचाची होईल. जूनमध्ये मोठ्या शाळेत घाल."

"तिथं नाव कापत नाय ना, बाई? दिवाळीनंतर आमी परत जानार."

तिथेही कापत. मी तिला तसं सांगितलं. ती मुलीचा हात धरून बाजाराकडे गेली. जूनमध्ये मी मोठ्या शाळेत चौकशी केली. मुलगी आली नव्हती.