अंधारात वाचायचा मेन्यू : वडवणीची एक खेप

"हिला बसायला पाट दिला, तर ही तो कुठल्या भिंतीला टेकवायचा याचाच विचार करत उभी राहील," असं आई माझ्याबद्दल म्हणायची. नोकरी सोडून घरून डिझाइनची कामं घ्यायला लागल्यापासून हे वाक्य नवऱ्याने उचललंय. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाल्यावर आता रंगाप्रमाणे लावत होते.

"ताई, मी वडवणीहून दत्ता बोलतोय. बीडच्या पल्याड. तुमी बारमधी टीव्हीवर मेन्यू लावून देता म्हणं? सस्तात?"

त्यांचा मावसभाऊ पुण्यात ज्या हॉटेलात वेटर आहे, तिथलं काम मी केलं होतं. दत्ताभाऊंची अडचण साधी होती. दारूचे दर सारखे वाढतात, छापील कार्डावर स्टिकरवर स्टिकर चढतं, आणि गिऱ्हाईक खालचं स्टिकर नखाने खरवडून जुन्या दरासाठी भांडतं. त्यात बायपासला रंगीत दिव्यांचा नवा बार झालाय. "थोरला भाऊ म्हणतोय, गाळा टायरवाल्याला देऊन टाकू. दिवाळीपस्तोर धंदा उचलला तर ठीक, न्हाईतर शटर खाली."

मी लगेच हो म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं, परमिट रूम आहे ती." मी म्हटलं, "मग? मी काय बसायला चाललेय?"

हा 'बसणं' शब्द पुढे मला फार छळणार होता.

पुण्याहून बीडला जायचं तर सकाळची एसटी पकडा. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे माझ्यासारखीला घरात थांबण्यापेक्षा फिरणं परवडतं. नगर सोडलं की आष्टी, जामखेड करत रस्ता कधी लोण्यासारखा, कधी दात वाजवणारा. मी तीनदा सीट बदलली. आधी ऊन, मग खिडकी खडखडत होती, मग काहीच कारण नव्हतं. मांजरसुंब्याला गाडी थांबते तिथे रबडी खा. मी उभ्यानेच खाल्ली. डोंगरउतारावर सीताफळाची झाडं होती, आणि बीडच्या स्टँडबाहेर त्याच सीताफळांचे ढीग. एक चाचा प्रत्येक फळ अंगठ्याने हलकेच दाबून "आज खायचं का उद्या?" असं विचारून निवडून देत होते. मी "आत्ता" म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांच्यासाठी सांगते, डिजिटल मेन्यूला लाखाचं यंत्र लागत नाही. एक जुना टीव्ही आणि एक पेनड्राइव्ह लागतो. लॅपटॉपवर मेन्यूची चित्रं करायची, पेनड्राइव्हवर टाकायची, टीव्ही ती एकामागून एक दाखवत राहतो. दर बदलला की चित्र बदला. शिवाय टेबलावर क्यूआरचं स्टिकर लावलं की मेन्यू मोबाइलवर उघडतो. टीव्ही मला बीडच्या स्टँडमागे हमीदभाईंच्या दुकानात मिळाला, पाच हजारांच्या आत.

"पिक्चर एकदम कडक हाय, मॅडम," हमीदभाई म्हणाले. "रिमोटचं तेवढं मेन्यूचं बटन दबत न्हाई. चालू-बंद होतंय की."

मेन्यूसाठी घेतलेल्या टीव्हीचं मेन्यूचंच बटण बंद! मी पोट धरून हसले. तेव्हा हसायला नको होतं.

वडवणीच्या गाडीत टीव्ही घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाले, "ताई, ह्याला हाफ लागत न्हाई बरं का." अख्खी गाडी हसली.

दत्ताभाऊ स्टँडवर घ्यायला आले होते. चाळिशीचे, खिशात पेन, बोलताना सतत मान खाजवणारे. त्यांचं घर बारच्या मागेच आहे, मधे फक्त स्वयंपाकघर. तिथे त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत वांगं ठेवलं. जेवायला तेवढी मी बसले.

बार दुपारी बघितला आणि दारातच अडखळले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत मिट्ट काळोख. खिडक्यांना काळी फिल्म, वर एक लाल झिरोचा बल्ब. माणसं म्हणजे नुसते आकार. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज तेवढा येत होता.

"इथं इतका अंधार का?" मी कुजबुजले.

"कावून म्हंजे?" दत्ताभाऊ चकित. "ताई, गाव केवढं हाय? बाहेर भेटलं की राम राम. आत कुणी कुणाला राम राम घालत न्हाई. आत कुणी कुणाला वळखतच न्हाई. ह्यो नियम हाय."

मला ते फार विनोदी वाटलं. माझ्या डोक्यात पांढरी शुभ्र पार्श्वभूमी, टपोरी निळी अक्षरं आणि चकचकीत ग्लासांचे फोटो होते. घरून सगळं तयार करूनच आणलं होतं. मला कधी एकदा लावते असं झालं होतं. दत्ताभाऊ म्हणाले, "सकाळी बंद असतंय, तवा लावू की." पण उद्या सकाळपर्यंत करायचं काय? मी म्हटलं, "आत्ताच लावू. गिऱ्हाईक असतानाच कळतं."

खिळे ठोकले, वायर ओढली, क्यूआरची स्टिकरं चिकटवली. मग मी चालूचं बटण दाबलं.

न्हाणीघराचं दार कुणी बाहेरून उघडावं, तसं झालं. सगळी खोली पांढरी झाली. भिंतीवरचे डाग, फरशीवरची फुटाण्याची टरफलं, आणि चेहरे. एकाने टोपी पुढे ओढली. एकाने छापील कार्ड तोंडासमोर धरलं. आणि माझ्यासमोरच दोन टेबलांवर पाठीला पाठ लावून बसलेले दोघं एकाच वेळी मागे वळले. एक सत्तरीचे, धोतर-टोपीतले. दुसरा तिशी-पस्तिशीचा, मांडीवर हेल्मेट.

"आबा," तो म्हणाला.

सवयीनेच निघालं असणार तोंडून. पण ते सगळ्यांनी ऐकलं. म्हातारबांनी ग्लास सावकाश खाली ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेले. मी उजेड कमी करायला रिमोट दाबतेय, दाबतेय, पण त्याला लागणारं मेन्यूचंच बटण मेलेलं. शेवटी टीव्हीच बंद केला. आता तर डोळ्यांपुढे काहीच दिसेना. त्या काळोखात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. डोळे सरावले तेव्हा बार रिकामा होता. तो मुलगाही गेला होता, हेल्मेट विसरून.

"बापलेक हायेत," दत्ताभाऊ म्हणाले. "वरीसभर येतेत दोघंबी. तसंच बसतेत, पाठीला पाठ."

"एकमेकांना माहीत नव्हतं?"

"ठावं असंल की. पण दिसलं न्हवतं."

मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ पिशवी उचलली. शेवटची गाडी किती वाजता, हेच डोक्यात. टीव्ही परत करू, पैसे नको, पुन्हा इकडे तोंड दाखवायचं नाही. माझा हा पिंडच आहे. बिनसलं की मी दुसरीकडे काहीतरी करायला पळते.

"ताई, पळू नगा," दत्ताभाऊ म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्याकडं माणूस प्यायला येत न्हाई. पिणं बायपासलाबी हाय. माझ्याकडं बसायला येतंय. घरी बसलं की बायको काम सांगती, पारावर बसलं की राजकारण. हितं नुसतं बसतंय. त्ये गेलं तर टायरवालाच खरा."

सुनंदावहिनींनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मागच्या पायरीवर गोणपाट टाकलं. "बसा. चहा ठिवते. रडायचं तर रडून घ्या, पर बसून."

मी बसले. थोडं रडलेही. मग तिथेच लॅपटॉप उघडला.

पांढरं सगळं काढून टाकलं. पार्श्वभूमी काळी. अक्षरं हळदीच्या रंगाची, तीही मंद. ग्लासांचे फोटो गेले. सरकत्या जाहिरातीसारखं काही नको, एकच स्थिर पान. वहिनी अंडी सोलता सोलता मागून बघत होत्या. क्यूआरचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोबाइल घरी पोरांच्या हातात असतोय. त्याच्यात तुमचं पान उघडं सापडलं म्हंजे?" स्टिकरं मी नखाने खरवडून काढली.

तरी टीव्हीचा उजेड राहिलाच. तेव्हा दत्ताभाऊंनी माळ्यावरून एक गुंडाळी काढली. खिडक्यांना लावून उरलेली काळी फिल्म. ती आम्ही अख्ख्या स्क्रीनवर ताणून चिकटवली आणि टीव्ही कोपऱ्यात गल्ल्याकडे जरा तिरका करून टांगला. आता देव्हाऱ्यातल्या समईएवढा उजेड. अक्षरं वाचता येत होती, शेजारचा ओळखू येत नव्हता. फोनवरच दर बदलून नवं चित्र पेनड्राइव्हवर कसं टाकायचं ते मी दत्ताभाऊंना शिकवलं. तेवढं एक काम झकास झालं.

दुसऱ्या दुपारी बार उघडला आणि आम्ही वाट बघत राहिलो. दोन परगावचे ड्रायव्हर आले, वाचून मागवलं, गेले. रोजचं एकही माणूस फिरकलं नाही. हेल्मेट गल्ल्यावर तसंच होतं. माझ्या गाडीची वेळ झाली. दत्ताभाऊंनी ठरलेले पैसे दिले, मी अर्धेच घेतले, त्यावरून आम्ही भांडलो. वहिनींनी सीताफळं दिली आणि बजावलं, "चार दिस हात लावू नगा. आपसुक पिकतेत."

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी एकाच सीटवर बसून आले आणि सारखा तो "आबा" ऐकू येत होता. कुणाच्या घरात आपण नको तो दिवा लावून आलो, आणि आता तिथे रात्रीचं जेवण कसं होत असेल, हाच विचार. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, "एक बार बंद पाडून आले."

दिवाळी तोंडावर आली. मी डब्यांना हात लावला नव्हता. फोन करायचं धाडस होत नव्हतं. शेवटी दत्ताभाऊंचाच आला.

"ताई, रोजची माणसं आली परत. टायरवाल्याला न्हाई म्हणून सांगितलं भावानं."

मी तिथेच फरशीवर बसले. "आणि ते बापलेक?"

"आधी पोरगं आलं, हेल्मेट न्यायला. बसलं. मग आबा आले. दारात थांबले लई येळ. मला वाटलं, आता फिरतेत माघारी. पर आले अन् त्याच्याच टेबलावर बसले. मला म्हणले, ह्याला आधी भुर्जी दे, उपाशीपोटी पितंय बेणं."

मी हसत होते की काय करत होते, मलाच कळेना.

"आणि आता?"

"आता रोज येतेत, सोबत. आबा चष्मा घरी ठिवून येतेत मुद्दाम. म्हणतेत, काय लिवलंय रं त्या टीव्हीवर? मग पोरगं वाचून दाखवतंय, पार वरपासून खालपस्तोर, दरासकट. सगळं ऐकून घेतेत अन् मागवतेत त्येच, जे वरीसभर मागवत होते."

फोन ठेवला तेव्हा अंधारून आलं होतं. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. नवरा आत आला, मला फरशीवर बघून दचकला आणि मग त्याने भुवया उंचावल्या. "काय गं, बसायचंय?"

"हो," मी म्हटलं. "नुसतंच. ये."

तो शेजारी टेकला. वहिनींची सीताफळं कधीच संपली होती, पण काल मंडईतून आणलेलं एक समोर होतं. मी ते अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं आणि परत ठेवून दिलं. अजून एक दिवस लागणार होता.