कवडूभाऊंच्या अंगणातला यंत्राचा हात

चंद्रपूरच्या माझ्या मित्राचा, आरिफचा फोन आला तेव्हा मी नागपुरात होतो आणि मला काही काम नव्हतं. "कुरखेड्याले मशीन साफ करायले जाऊन राह्यलो भाऊ. गाडीत एक सीट खाली आहे." एवढ्यावर प्रवास ठरला.

शनिवारी एसटीने चंद्रपूरला आलो. साडेतीन तास लागले. एप्रिलमध्ये खिडकी उघडली तर गरम वारा येतो, लावली तर तोही येत नाही. आरिफचं दुकान जटपुरा गेटच्या आत आहे. तो दातांच्या डॉक्टरांसाठी संगणकावर कवळ्यांचे नमुने बनवतो. काउंटरवर जबडे मांडलेले असतात. गिऱ्हाइकाला बसायला जागा त्यांच्यासमोरच आहे.

दोन वर्षांपूर्वी आरिफला भंगारात यंत्राचा एक हात मिळाला. आधी तो बिस्किटांचे पुडे खोक्यात भरायचा. आरिफने त्याच्या टोकाला नळी बसवली. आता मडक्याचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, संगणक त्याचा आराखडा करतो, आणि हात त्याबरहुकूम ओल्या मातीची दोरी सोडत गोल गोल थर रचतो. आरिफने हाताच्या बुडाशी लाल अक्षरांत 'डिजिटल चाक' लिहून घेतलं. रंगाऱ्याने 'डिजिटल' दोनदा खोडलं होतं. ते दिसत होतं.

रविवारी सहाला निघालो. मूलला तर्री-पोहे खाल्ले. तर्रीचा रस्सा वेगळा मागावा, नाहीतर पोहे दिसत नाहीत. पुढे वैनगंगेचा पूल, गडचिरोली, आरमोरी. रस्ता बरा आहे. जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसल्या, आणि टोपल्यांपाशी त्यांची वाट पाहणारी कुत्री.

गाडीत आरिफने सगळं सांगितलं. कुरखेड्याजवळच्या खेड्यात कवडूभाऊ कुंभार आहेत. आसपासच्या गावांत लग्न असलं की वऱ्हाडातल्या बायका वाजतगाजत त्यांच्या घरी येतात, चाकाला हळदकुंकू लावतात आणि लग्नाची मडकी घेऊन जातात. ही गावं त्या घराला बांधलेली आहेत. मागच्या वर्षी कवडूभाऊंना लकवा मारला. उजवा हात गेला. घरात दुसरा पुरुष नाही.

"बाई चालवू शकत नाही का?" मी विचारलं.

"बाई चाकाले हात लावत नाई. मडकं थापते, भाजते, विकते. चाक नाई." त्याने गिअर बदलला. "पण मशीन म्हणजे चाक थोडीच आहे."

म्हणून आरिफने तो हात कवडूभाऊंच्या अंगणात बसवला होता आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई तो चालवत होत्या. मशीनची मडकी लग्नाला जाण्याची आज पहिली वेळ होती. वऱ्हाडाने ती नाकारली तर गावं आरमोरीकडच्या चुलतदिराकडे गेली असती. अशी गेलेली गावं परत येत नाहीत.

पोचलो तेव्हा यमुनाबाई नळीत अडकलेला कोंडा सुईने काढत होत्या. त्यांनी मातीत सवयीने धानाचा कोंडा मिसळला होता.

"कोंड्याबिगर मडकं तडकते," त्या म्हणाल्या.

"कोंड्यानं मशीन तडकते, बाई," आरिफ म्हणाला.

शेवटी कोंडा कुटून, जुन्या लुगड्यातून गाळून टाकायचा असं ठरलं. हात चालू झाला. अर्ध्या तासात एक मडकं उभं राहिलं, अंगावर रेघाच रेघा. ते थोडं सुकल्यावर यमुनाबाईंनी आतून दगडी गोटा धरला, बाहेरून थापीने ठोकलं. रेघा गेल्या. पोट गोल झालं.

गळ्याशी अंगठ्याएवढा खळगा होता. आधी भाजून ठेवलेल्या प्रत्येक मडक्याला होता.

"ते माहं शेवटचं मडकं होतं," खाटेवरून कवडूभाऊ म्हणाले. "हात थरथरला अन् अंगठा घुसला. यानं त्याचेच फोटो काढले. आता माही चूक मशीन पाठ करून बसली."

जेवायला भात, वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. चारला बाजा ऐकू आला.

पुढे होत्या गिरजाबाई, नवरदेवाची आजी. त्यांनी एकेक मडकं बोटाने वाजवलं. खळग्यात अंगठा घालून पाहिला. कोपऱ्यातल्या जुन्या चाकाला हळदकुंकू लावलं. मग त्यांच्यासोबतच्या शाळकरी मुलीने मोठ्याने वाचलं, "डि-जि-टल चाक."

"मंग हे बी चाकच आहे," गिरजाबाई म्हणाल्या आणि हळदीचं बोट घेऊन मशीनकडे वळल्या. आरिफने मोबाइल वर धरला. त्याला हे चित्रित करायचंच होतं.

यमुनाबाई मशीनसमोर आडव्या आल्या.

"नोका लावू, मावशी."

"काऊन?"

"तुमी हळद लावसान तं ते चाक होईन. मंग मले हात लावता येईन काय?"

बाजा थांबला. गिरजाबाईंचं बोट हवेतच होतं. "पण लिहून आहे ना. चाक नाई त काय आहे थे?"

मी लाल अक्षरं पुन्हा वाचून पाहिली. मी साहित्य शिकलो आहे.

"सोऱ्या आहे थो," कवडूभाऊ खाटेवरून म्हणाले. "मातीच्या चकल्या पाडते. तुमच्या घरच्या सोऱ्याले हळद लावता काय, मावशी?"

बायका हसल्या. गिरजाबाईंनी मशीनकडे नीट पाहिलं. नळी, दांडा, खाली गोल गोल पडलेली माती.

"सोऱ्याच त आहे," त्या म्हणाल्या. बोट पदराला पुसलं. "सोऱ्या बाईनंच चालवा लागते." मडकी डोक्यावर गेली, बाजा सुरू झाला.

आरिफने मोबाइल खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर गडचिरोली मागे पडल्यावर तो म्हणाला, "सहा मोटरा आहेत त्याच्यात भाऊ. सोऱ्या म्हणतात." पण निघण्याआधी लाल अक्षरं त्यानेच पत्र्याने खरवडून काढली होती. नवं नाव लिहू का, असं त्याने विचारलं, तर यमुनाबाई नको म्हणाल्या.

तुम्ही जाणार असाल तर मार्चच्या आत जा, आणि मडक्यासाठी गाडीत गोणपाट ठेवा. माझं मडकं धड पोचलं. पाणी गार होतं. पाहुणे पाणी पिताना विचारतात, कोणी केलं? मी पूर्वी कवडूभाऊंच्या अंगठ्यापासून सुरू करायचो. मग आरिफ, मग बिस्किटं. यमुनाबाईंपर्यंत यायच्या आत पाणी पिऊन झालेलं असायचं.

आता त्यांचं नाव आधी सांगतो.