पंपावरची फुली

मिस्त्री म्हटला की माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते. माझी जुनी विलायती दोन सीटची मोटार जरा वेग घेतला की आचके देऊन बंद पडायची. अकोल्याला कापसाच्या जिनिंगजवळच्या एका गॅरेजात ती नेण्याआधी मी टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बुडाशी किल्लीनं बारीक फुली कोरून ठेवली. मिस्त्री लोक विलायती सामान गुपचूप बदलून घेतात, हे मी ऐकून होतो.

तिथला मिस्त्री न पेटवलेली बिडी ओठांत धरून काम करी. त्यानं कार्बोरेटरची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडली, स्विच दाबला आणि डोळे मिटून पंपाची टिकटिक ऐकली. बाटली काही केल्या भरेना.

"पेट्रोल येऊन राह्यलं, पण जोर नाई त्याले. मोठा पंप लावा लागते."

म्हणजे माझा पंप ठेवून घ्यायचा डाव! मी स्टूल ओढून त्याच्या पुढ्यातच बसलो. तो मात्र काढलेला एकेक नट पुसून माझ्याच पायाशी ठेवत होता. मिलिटरीच्या जुन्या सामानातला पंप त्यानं बसवला. या वेळी बाटली भराभर भरली.

मग माझा पंप त्यानं फडक्यानं पुसला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. फुली लखलखत होती.

"खूण पाहून घ्या, साहेब. सारेच करून आणतेत."

अमरावतीपर्यंत मोटार एकदाही अडखळली नाही. जुना पंप शेजारच्या सीटवर होता. फुली खाली करून ठेवलेला.