कातरलेलं कोकरू

मेंढी नुसती बघून तिचं वजन सांगायची मला खोड होती. खोड कसली, मस्तीच ती. ताणकाटा लावायच्या आधी मी आकडा बोलायचो आणि काटाही बहुतेक वेळा तिथंच आसपास थांबायचा. आमच्या महाडात मुळात मेंढ्याच नाहीत, इथला पाऊस त्यांना सोसत नाही, त्यामुळे माझ्या या कर्तबगारीचं कौतुक करणारंही कुणी नव्हतं. आई म्हणायची, "एवढं शिकून मेंढरं तोलतोस, हे पाहुण्यांना सांगायचं कसं?"

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता तो. मेंढ्यांची जात सुधारण्याचं मोठं संशोधन देशात चाललं होतं आणि त्याचा अगदी खालचा माणूस म्हणजे मी. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर वरंधा घाट उतरून महाड-पोलादपूरकडे येत. नाते, दासगाव या गावांतले शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेत. पावसाच्या आत कळप परत वर जाई. तो वर असला की तिकडचा माणूस नोंदी ठेवी, खाली आला की मी. कुठली मेंढी कधी व्याली, कोकराचं वजन दर महिन्याला किती भरलं, लोकर किती निघाली, असं सगळं कानातल्या बिल्ल्याच्या नंबरापुढे लिहायचं. त्यावरून साहेब ठरवत, कुठलं नर कोकरू पैदाशीचा एडका म्हणून ठेवायचं. साहेब म्हणजे आमचे शास्त्रज्ञ. शांत माणूस, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. लोकांना वाटतं संशोधन कुठल्या तरी काचेच्या खोलीत होतं. आमचं झाडाच्या फांदीला काटा टांगून, कोकरू छातीशी धरून उचलून, त्याला कापडी झोळीत घालून व्हायचं. संध्याकाळी अंगाला असा वास यायचा की एसटीत शेजारची जागा रिकामी राही.

माझ्याकडच्या एका कळपात एक धनगरीण होती. चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. वही घेऊन येतो म्हणून ती मला मास्तर म्हणायची आणि मी तिला मावशी. लग्नात तिच्या बापानं तिला एक मेंढी दिली होती. त्या मेंढीची नात आता कळपात होती, तोंडावर पांढरा पट्टा असलेली. त्या वर्षी पट्टेवालीला नर कोकरू झालं आणि मावशीनं मनात धरलं की हा एडका म्हणून राहायचा. माहेरचं रक्त सासरच्या कळपात चालावं, एवढीच तिची हौस होती. पण कळप थोरल्या दिराचा. तो वर्षाला एकच नवा एडका ठेवी, आणि तोही आमच्या यादीत येईल तोच. बाकीचे नर विकून मोकळा होई.

निवडीचं वजन घ्यायचं होतं फाल्गुनात. कळप दासगावला बसला होता. नेमकं त्याच दिवशी मला पोलादपूरला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून मी नवाकोरा पांढरा शर्ट घालून गेलो. ज्याच्या शेतात मेंढ्या होत्या तो शेतकरी बांधावरूनच ओरडला, "काय रे, आज नवरदेव होऊन मेंढरां तोलणार हायस काय?"

मी हसलो, पण काटा पिशवीतून काढला नाही.

निवडीला दोनच कोकरं होती. एक दुसऱ्या मेंढीचं, गुबगुबीत, लोकरीनं भरलेलं. दुसरं पट्टेवालीचं. ते करवंदीच्या जाळीत अडकून ओरबाडलं होतं, जखमांना औषध लावता यावं म्हणून मावशीनं त्याची सगळी लोकर उतरवली होती. कातरलेलं कोकरू फार केविलवाणं दिसतं. नुसते पाय आणि कान. मी लांबूनच दोघांकडे पाहिलं आणि दोन आकडे लिहिले, गुबगुबीत कोकराचा मोठा, याचा लहान.

मावशी कोकरू दोन्ही हातांत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मास्तर, ह्याला काट्याला लावा."

"काटा कशाला मावशी? मला डोळे आहेत ना!"

"तुमचं डोळं हायतच. पर काट्याला लावा."

मी घड्याळ पाहिलं. एसटी चुकली असती. "पुढच्या महिन्यात लावतो," म्हटलं आणि निघालो. शर्ट शेवटपर्यंत पांढराशुभ्र राहिला. मुलगी पसंत पडली, तिलाही मी पसंत पडलो. तीच पुढे माझी बायको.

यादी आली. त्या कळपातून गुबगुबीत कोकरू निवडलं गेलं होतं. थोरल्या दिरानं उरलेले नर, पट्टेवालीच्या कोकरासकट, महाडच्या व्यापाऱ्याला विकले आणि टेम्पो भरून गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. खरंच नाही. मी लग्नपत्रिकेच्या मजकुरात गुंतलो होतो.

चैत्रात, घाट चढायच्या आधी, सगळ्या कळपाची लोकर कातरली. त्यानंतर मी महिन्याचं वजन करायला गेलो, या खेपेला जुन्या शर्टात. निवडलेलं कोकरू छातीशी धरून उचललं आणि हाताला कळलं. डोळ्यांना जे महिनाभर कळलं नव्हतं ते हातांना एका क्षणात कळलं. लोकर गेली होती आणि खाली नुसती हाडं होती. मी लिहिलेल्या आकड्याच्या किती तरी अलीकडे काटा थांबला. मी झोळी काढून पुन्हा लावली. पुन्हा तिथंच.

मावशी शेजारी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण काटा कुठं थांबला ते दिसत होतं.

"त्यालाबी लावा म्हनलं व्हतं," ती म्हणाली आणि मेंढ्यांकडे गेली.

ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, माझा स्वभाव तसाच आहे. ती ओरडली नाही, म्हणून मला लाज वाटली. दोन दिवसांनी साहेब महाडला आले तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं, शर्टासकट. त्यांनी दोन्ही आकड्यांवर रेघ मारली, त्या कळपाची त्या वर्षाची निवडच रद्द केली आणि म्हणाले, "रिकामी जागा सोडली असतीस तर मी विचारलं असतं. आकडा लिहिलास, मग मी कशाला विचारू?" नोकरी राहिली. बायको अजून म्हणते, "मुलगी बघायला जाताना मेंढ्यांत कशाला गेलात?" मी म्हणतो, मेंढ्यांत जाताना मुलगी कशाला बघितली.

पुढची दोन वर्षं पट्टेवालीला माद्याच झाल्या. मावशी चहा द्यायची, मास्तर म्हणायची, त्या कोकराचा विषय काढायची नाही. मी मात्र सगळी जनावरं दोनदोनदा तोलायचो.

तिसऱ्या वर्षी पट्टेवालीला नर झाला. मेंढी आता म्हातारी झाली होती, दातही पडले होते, पुन्हा व्यायची नाही हे दिसतच होतं. निवडीच्या दिवशी मी कोकरू स्वतः उचललं, झोळीत घातलं आणि हात सोडला. काटा हलला, डगमगला आणि निवडीसाठी ठरवून दिलेल्या किमान वजनाच्या अर्धा किलो खाली थांबला.

"हलतोय अजून," मी म्हणालो.

"थांबलाय त्यो."

मी पेन काढलं. अर्ध्या किलोनं काय बिघडतं? एकदा मी तिचं बुडवलं होतं, आज भरून देता येत होतं. साहेब लांब होते, दीर लांब होता, काटा आम्हा दोघांनाच दिसत होता. "मावशी," मी हळूच म्हटलं, "पुरेसं भरलं असं लिहितो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती असं थेट डोळ्यांत पाहत होती.

"जेवढं हाय तेवढंच लिवा," ती म्हणाली. "तवाबी एवढंच मागितलं व्हतं."

मी लिहिलं. तिनं कोकरू झोळीतून काढलं, त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि ते विकायच्या कोकरांत नेऊन सोडलं.